संशोधनात ‘एकच केस’ चालते का? आणि वर्गात केस शिकवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

टेंभुर्णी | गुरुवार, रात्री १०.१५

मंडळी, डोकं शांत व्हावं म्हणून लिहिते आहे. मी नागपुरातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. पीएच.डी.च्या नोंदणीसाठी मागच्या आठवड्यात समितीसमोर बसले होते. विषय: शहरातल्या [संपादन: बाजाराचं नाव काढलं आहे, कारण खाली पळसफूल यांचा प्रतिसाद] एका आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या बायांची भिशी. १४ जणी, दर बुधवारी २०० रुपये. जिची चिठ्ठी निघेल तिला २,८००. ही भिशी १९ वर्षं चालू आहे. नोटाबंदीत तुटली नाही, लॉकडाऊनमध्ये तुटली नाही. स्टॅम्पपेपर नाही, जामीनदार नाही, शाळेच्या मुलांची असते तशी दोनशे पानी वही आहे फक्त. ती तुटली का नाही, एवढंच मला शोधायचंय.

तिसऱ्या स्लाइडवर प्रश्न आला, “सॅम्पल साइज?” मी म्हटलं, एक. समितीतले दोघं हसले. तिसरे सज्जन होते, ते म्हणाले, “मॅडम, ही तर गोष्ट झाली.” निकाल असा की किमान १०० प्रश्नावल्या भरून आणा, मग बघू. म्हणजे १०० बायांना ‘तुमचा भिशीवर विश्वास आहे: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ’ असं विचारायचं. त्या बाया मेथीच्या जुड्या बांधता बांधता कशावर टिक करतील ते मला आत्ताच माहीत आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, एकाच केसवर संशोधन खरंच उभं राहतं का? दोन, इथे बरेच शिकवणारे आहेत, तुम्ही वर्गात केस कशी वापरता? आणि हो, केस स्टडीला पुस्तकांत कुठे व्यष्टी अध्ययन, कुठे व्यक्ती अभ्यास, कुठे प्रकरण अभ्यास लिहिलेलं असतं. हे सगळं एकच का?

काहून_बे | गुरुवार, रात्री १०.४०

व्यक्ती अभ्यास म्हणजे बी.एड.ची फाइल. आमच्या टायमाले सगळ्यायनं एकच पोरगा केला होता. नाव राहुल, इयत्ता आठवी, गणितात कच्चा, वडील व्यसनी, आई धुणीभांडी करते, शिक्षकांच्या प्रेमळ वागणुकीमुळे सुधारला. मले ती फाइल सीनियरनं देली, म्या ज्युनियरले देली. मागच्या साली भाची बी.एड. करून राहिली होती, तिची फाइल पाह्यली तर राहुल अजून आठवीतच. बाप्पा, त्या राहुलचं आतापर्यंत लग्न झालं असन, पण आमच्यापायी त्याले नववीत कोणी जाऊच देत नाही.

सरासरी | गुरुवार, रात्री ११.०५

टेंभुर्णीताई, राग मानू नका, पण समिती अगदीच चुकली असं मी म्हणणार नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो. दरवर्षी दहा-पंधरा जण ‘सर, मी केस स्टडी करतो’ म्हणत येतात, आणि निम्म्यांचं खरं कारण आकड्यांची भीती हे असतं. एका गावात दोन दिवस राहून आले, सरपंचाची मुलाखत घेतली आणि शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष काय, तर ‘ग्रामीण महाराष्ट्रातील महिला सक्षम होत आहेत’. एका गावावरून अख्खा महाराष्ट्र!

तुमच्या भिशीवरून तुम्ही काय म्हणणार आहात ते आधी सांगा. ‘नागपुरातल्या भिश्या टिकतात’ असं म्हणायचं असेल तर शंभरसुद्धा कमीच आहेत.

मेडिकल_चौक | शुक्रवार, सकाळी ७.२०

ड्युटीवरून घरी येऊन लिहितोय, चुका पोटात घाला.

आमच्याकडे ‘केस’चे इतके अर्थ आहेत की थिसिस लिहिणारी मुलंही घोळ घालतात. परीक्षेत लाँग केस, शॉर्ट केस असते, म्हणजे पेशंट तपासून परीक्षकासमोर मांडायचा. एका पेशंटची छापलेली हकिकत म्हणजे केस रिपोर्ट, तसे चार-सहा जमले की केस सिरीज. आणि ‘केस-कंट्रोल’ हे वेगळंच प्रकरण. त्यात आजार असलेले आणि नसलेले असे दोन गट घेऊन मागे वळून पाहतात. त्याचा केस स्टडीशी संबंध नाही, नावातच काय ते साम्य.

आता ‘एकाने काय होतं’ याबद्दल. ५ जून १९८१ ला अमेरिकेतल्या सीडीसीच्या (सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या) साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या ५ तरुणांची नोंद छापून आली. धडधाकट माणसाला सहसा न होणारा न्यूमोनिया त्यांना झाला होता. पाचच पेशंट. एड्सची ती पहिली छापील नोंद. ‘सॅम्पल साइज वाढवून आणा’ म्हणून कोणी ती परत पाठवली असती तर?

दुसरं उदाहरण माझं लाडकं आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूचा आतला भाग दोन्ही बाजूंनी काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण तयार होणं बंद झालं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला द्यायच्या. दररोज त्याचा हात सुधारत गेला, आणि दररोज तो सांगायचा की हे मी आधी कधी केलेलंच नाही. म्हणजे हाताची आठवण वेगळी आणि घडलेल्या गोष्टीची वेगळी. हे एका माणसाने दाखवलं. २००८ मध्ये तो वारला तोवर जगाला त्याची ‘एच. एम.’ ही दोन आद्याक्षरंच ठाऊक होती.

सरासरी | शुक्रवार, सकाळी ९.१०

डॉक्टर, उदाहरण उत्तम. पण ते का चाललं ते बघा. ‘स्मरणशक्ती ही एकसंध गोष्ट आहे’ असा समज होता, आणि तो मोडायला एक माणूस पुरला. सगळे हंस पांढरे असतात हे खोटं ठरवायला एक काळा हंस बास. काळे हंस किती टक्के आहेत हे मात्र त्या एकावरून सांगता येत नाही. बेंट फ्लुबियर्ग या डॅनिश अभ्यासकाने २००६ मध्ये केस स्टडीबद्दलच्या पाच गैरसमजांवर लेख लिहिला, त्यातही मुद्दा हाच आहे. नीट निवडलेली एक केस मोठा सिद्धांत पाडू शकते. केस स्टडीच्या पद्धतीवर पुस्तक लिहिणारे रॉबर्ट यिन तर वेगळं करूनच सांगतात: सर्वेक्षणातून तुम्ही लोकसंख्येकडे जाता, केसमधून सिद्धांताकडे.

म्हणून विचारतो, ताई, तुमची भिशी कोणता समज मोडते?

काळा_कोट | शुक्रवार, दुपारी २.३०

कोर्टाच्या मधल्या सुटीत आहे. सरासरी यांचा प्रश्न आमच्याकडे पहिल्याच वर्षी विचारतात, फक्त शब्द वेगळे: केस कशाची?

केस म्हणजे नुसती घडलेली घटना नाही. ती कशाची केस आहे हे ठरलं की मगच तिच्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कळतं. आपल्याकडचंच घ्या. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. खालच्या कोर्टाने पोलिसांना सोडलं, इथल्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं, सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असा तर्क. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुद्दा एकच होता: गप्प राहणं आणि संमती देणं या दोन गोष्टी आहेत. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. तोवर ती ‘एका ठाण्यातली घटना’ होती. पत्र लिहिणाऱ्यांनी ती कशाची केस आहे ते सांगितलं.

शिकवण्याबद्दल: हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये १८७० पासून लँगडेल या प्राध्यापकांनी व्याख्यानं कमी करून विद्यार्थ्यांच्या हातात निकालपत्रं द्यायला सुरुवात केली. निकाल वाचा, नियम तुम्ही शोधा. सुरुवातीला विद्यार्थी वैतागले म्हणे. आमचेही वैतागतात. गाइडमध्ये चार ओळींत सार मिळतं, मग ४० पानं कोण वाचणार?

डिंक्या | शुक्रवार, सायंकाळी ६.४५

नाव वाचून घाबरू नका, संत्र्याच्या झाडाला होतो तो रोग आहे. मी कृषी विस्तारात २२ वर्षं काढली, काटोल-वरुडचा बेल्ट बराच फिरलो.

आमच्याकडे केस स्टडी या नावाखाली जे चालतं ते खरं म्हणजे यशोगाथा. मी स्वतः कमीत कमी तीस लिहिल्या असतील. साचा ठरलेला. शेतकरी आधी पारंपरिक पद्धतीने शेती करत होता, मग त्याने आमचं प्रशिक्षण घेतलं, ठिबक बसवलं, बहाराला ताण बरोबर दिला (म्हणजे फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी काही दिवस तोडलं), उत्पन्न दुप्पट. फोटोत डोक्यावर नवी टोपी, हातात दोन संत्री.

एक सांगतो. अशाच एका बागेवर मी पानभर लिहिलं, ते छापून आलं, पुस्तिकेतही गेलं. दोन वर्षांनी त्याच गावात चहा प्यायला थांबलो तर पानठेल्यावरचा म्हातारा म्हणाला, “साहेब, त्याचं लिहिलं तुम्ही, पण त्याच्या भावाची जमीन रस्त्यात गेली, त्याचे पैसे आले तवा दोन बोअर मारले, हे नाही लिहिलं.” म्या विचारलंच नव्हतं! ज्यांनी आमचंच प्रशिक्षण घेतलं आणि ज्यांच्या बागा त्याच उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळल्या, अशांच्या घरी मी कधी वही-पेन घेऊन गेलोच नाही. गेलो असतो तर ताण किती दिवस द्यायचा यापेक्षा, ताण तोडायच्या वेळी विहिरीत पाणी कोणाकडे असतं, हा प्रश्न दिसला असता.

ताई, तुमची भिशी टिकली आहे. तुटलेलीही एखादी शोधा. नाहीतर तुम्हीही माझ्यासारखी टोपीवाला फोटो लावून मोकळ्या व्हाल.

काहून_बे | शुक्रवार, सायंकाळी ७.००

डिंक्याभाऊ, लाख बोलले जी. पण असं कसं म्हणता सगळे, आपल्या गडचिरोलीत बंग डॉक्टरायनं केस स्टडी करूनच तर बाळमृत्यू कमी केले ना?

मेडिकल_चौक | शुक्रवार, रात्री ८.१५

नाही हो, तीच गल्लत. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला तो घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचा अभ्यास, त्यात ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली होती. ती क्षेत्र-चाचणी झाली. ‘यामुळे फरक पडतो का, किती पडतो’ हा तिचा प्रश्न. केस स्टडीचा प्रश्न ‘हे कसं घडतं, का घडतं’ असा असतो. एखाद्या गावातली एक आरोग्यदूत बाई रात्री दोनला कंदील घेऊन निघते, सासू तिला आत येऊ देते की नाही, हे समजायचं असेल तर तिथे केस लागेल. दोन्ही हवंच, पण एकाला दुसऱ्याचं नाव देऊ नये.

पळसफूल | शुक्रवार, रात्री ११.३०

एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदवी) करताना मी यवतमाळ जिल्ह्यात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी केस घ्यायला गेले होते. ‘केस घ्यायला’, बघा, शब्दसुद्धा कसा आहे.

पहिल्याच घरी मी नमस्कार करून सतरंजीवर बसले. मी तोंड उघडण्याआधीच ताई आत गेल्या आणि कापडाच्या दुकानातून मिळते तशी प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. सातबारा, बँकेचं पासबुक, सावकाराची चिठ्ठी, पंचनाम्याची झेरॉक्स, पेपरातलं कात्रण, त्यांच्या नवऱ्याचा पासपोर्ट साइज फोटो. एकेक कागद माझ्यासमोर क्रमाने मांडला. तो क्रम पाठ होता त्यांचा. मग त्याच सुरात त्यांनी सगळं सांगितलं, कुठेही न अडखळता. शेवटी विचारलं, “आणखी काई लिहाचं हाये?” मी विचारलं, आधी कितीजण येऊन गेले? त्या म्हणाल्या, “मोजलं नाही बाई. चहा ठेवू का?”

मी त्या घराची केस रिपोर्टात घेतली नाही. गाइड चिडल्या, मार्क कापले गेले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचंही तेच होतं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हापासून जो उठतो तो तिकडे, जणू जिल्ह्यात दुसरं गावच नाही.

टेंभुर्णीताई, एक विनंती. वर तुम्ही बाजाराचं नाव लिहिलंय. बाजाराचं नाव, बुधवार, १४ जणी, १९ वर्षं, इतकं कळल्यावर तिथला कोणीही पोरगा त्या भिशीकडे बोट दाखवेल. त्यांच्याकडे कधी किती रोकड असते हेही तुम्ही लिहिलंय. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. कृपया काढा.

टेंभुर्णी | शनिवार, सकाळी ६.५०

पळसफूल, काढलं. दिवसभर लाज वाटत राहणार आहे. थँक यू.

सरासरी यांच्या प्रश्नावर रात्रभर विचार केला. वहीतलं थोडं सांगते (परवानगी घेतली आहे, पण नीट शब्दांत पुन्हा घेईन).

नोटाबंदी जाहीर झाली ८ नोव्हेंबर २०१६ ला, मंगळवारी रात्री. दुसऱ्या दिवशी बुधवार, भिशीचा दिवस. बँका बंद. तेव्हा हप्ता १०० रुपये होता, आणि या बायांचा सगळा व्यवहार दहा-वीस-पन्नासच्या नोटांचा. म्हणजे अख्खं शहर सुट्या पैशांसाठी हिंडत असताना या चौदा जणींकडे नेमकं तेच होतं. त्या दिवसाचं पान इतर पानांसारखंच आहे, चौदा टिका.

लॉकडाऊनही मंगळवारी रात्रीच जाहीर झाला, २५ मार्च २०२० ला पुन्हा बुधवार. बाजार बंद, पैसे नाहीत. मला वाटलं होतं वहीत मधली पानं कोरी असतील. नाहीत. दर बुधवारची तारीख आहे, चौदा नावं आहेत, आणि प्रत्येक नावापुढे शून्य. चालवणाऱ्या मावशींनी घरी बसून लिहिलंय. मी म्हटलं, पैसेच नव्हते तर लिहिलं कशाला? त्या म्हणाल्या, “पान सोडलं असतं तर तुटली असती ना.”

हे मला १०० प्रश्नावल्यांत कुठे सापडलं असतं?

सरासरी | शनिवार, सकाळी ८.००

नसतं सापडलं. मान्य.

आता माझ्या बाजूने थोडी मदत. अर्थशास्त्रात भिशीवर बरंच काम झालेलं आहे, १९९३ चा बेस्ली, कोट आणि लाऊरी यांचा निबंध बघा. मूळ पेच असा: जिची चिठ्ठी आधी निघाली, तिने पुढचे हप्ते बुडवण्यात तिचा फायदा आहे. मग त्या का बुडवत नाहीत? नेहमीचं उत्तर म्हणजे शेजारपाजार, नात्यागोत्याचा दबाव. तुमच्या वहीत कोणत्या फेरीत कोणाची चिठ्ठी कधी निघाली आणि त्यानंतर तिचा हप्ता चुकला का, हे सगळं आहे. १४ आठवड्यांची एक फेरी धरली तर १९ वर्षांत साधारण ७० फेऱ्या. समितीला सांगा, केस एक आहे, पण तिच्या पोटात ७० फेऱ्या आहेत. वही, बायांचं बोलणं आणि तुम्ही स्वतः बसून पाहिलेलं, या तिन्ही गोष्टी एकमेकींशी ताडून बघा. जिथे जुळत नाहीत तिथे थांबा.

तर्रीबाज | शनिवार, सकाळी ११.३०

शिकवण्याचा प्रश्न मागेच राहिला, म्हणून लिहितो. मी एम.बी.ए.च्या पोरांना शिकवतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलची पहिली लेखी केस १९२१ ची, एका बुटांच्या कंपनीची. जेमतेम पानभर. कामगार सुटी व्हायच्या आधीच काम सोडतात, काय करावं? बस. आपल्याकडे अहमदाबादच्या आयआयएमने १९६१ पासून हार्वर्डच्याच मदतीने ही पद्धत रुजवली, आणि आपल्या नागपूरच्या आयआयएमला २०१५ मध्ये सुरुवातीला अहमदाबादचंच बोट धरायला मिळालं. बाकी कॉलेजांत काय होतं? सर केस वाचून दाखवतात आणि लगेच उत्तर सांगतात. मग ती केस कुठे राहिली, ती तर बोधकथा.

विकतच्या केसेसची उत्तरं पोरं टेबलाखाली मोबाइलवर शोधतात. म्हणून मी स्वतः एक लिहिली. एका चौकातला तर्री-पोह्यांचा गाडा. मालकाला समोरच गाळा मिळतोय, भाडं महिना १८,००० रुपये, तीन दिवसांत हो-नाही सांगायचं. सोबत त्याचा रोजचा हिशेब दिला: पोहे किती किलो, चणे किती, गॅस, पोरगा हाताखाली आहे त्याचा पगार. नावगाव, आकडे सगळे थोडे हलवलेले (पळसफूल, मीही शिकलो आहे हळूहळू).

वर्गात ४० पैकी ३० जण म्हणाले, गाळा घ्या, ब्रँड बनेल. लोगोसुद्धा काढला एकाने. मागच्या बाकावर एक पोरगा असतो, सेमिस्टरभर तोंड उघडत नाही. तो उभा राहिला. “सर, सकाळी साडेसहाला तो क्लासेसच्या गल्लीत असतो, नऊला ऑफिसांपाशी जातो. गाळ्याले चाकं नसतात.” वर्ग शांत. मग कोणीतरी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाला, “बाबांचा गाडा आहे.” पुढचा पाऊण तास मी फक्त फळ्यावर लिहीत होतो. कोणाचं किराया गणित चुकलं, कोणी म्हटलं गाळाही घ्या आणि गाडाही ठेवा, त्यावर आणखी भांडण.

शेवटी सगळे विचारतात, सर, खरं काय झालं? तेव्हा सांगायचं नाही. मी एक आठवडा सांगितलं नाही. एक जण तर चौकात जाऊन पोहे खाऊन आला, शोधायला. खोट्या चौकात गेला, ते सोडा.

काहून_बे | शनिवार, दुपारी १२.१०

आणि खरं काय झालं जी?

तर्रीबाज | शनिवार, दुपारी १२.१५

आठवडा होऊ द्या.

टेंभुर्णी | सहा आठवड्यांनी, बुधवार, रात्री ९.३०

धागा वर काढते आहे. समितीसमोर पुन्हा जाऊन आले. शीर्षकात ‘एका भिशीचा अभ्यास’ होतं, ते ‘लेखी कराराशिवाय बचतगट टिकण्याची प्रक्रिया: दोन भिश्यांचे व्यष्टी अध्ययन’ असं केलं. ७० फेऱ्यांचा तक्ता लावला. हसलं कोणी नाही. सज्जन गृहस्थ म्हणाले, आता बरं दिसतंय. मंजुरीचं पत्र यायचंय.

पण मी वेगळंच सांगायला आले आहे. डिंक्याभाऊंनी सांगितलं म्हणून तुटलेली भिशी शोधली. जवळच्याच एका वस्तीतली, ११ जणींची, चार वर्षं चालून मोडली. मी मनात सगळं ठरवून गेले होते: यांची वही अर्धवट असणार, पानं कोरी असणार, म्हणून तुटली. त्या बाईंनी ट्रंकेतून वही काढली. ब्राउन पेपरचं कव्हर, त्यावर हळदीकुंकू. आत एकही पान कोरं नाही. लॉकडाऊनचे शून्य यांनीही लिहिलेत. अक्षर तर मावशींपेक्षा कितीतरी चांगलं. मोडली त्या दिवशी कोणाचे किती बुडाले तेसुद्धा लाल शाईने लिहून, खाली बेरीज.

माझा सिद्धांत तिथे सतरंजीवरच बसला.

मग मोडली कशाने? त्या म्हणाल्या, “सगळ्या एकाच गल्लीतल्या होतो ना.” नळावरून दोन घरांत वाजलं, दोन्हीकडच्या सासवा, जावा उतरल्या आणि भिशी मधोमध फाटली. आमच्या बाजारातल्या चौदा जणी सात-आठ वेगवेगळ्या वस्त्यांतून येतात. बुधवार सोडला तर एकमेकींच्या घरी जातही नाहीत.

सरासरी | बुधवार, रात्री ९.५५

म्हणजे शेजार असला की भिशी टिकते, हे पुस्तकातलं उत्तर इथे उलटं पडतंय? की शेजार ठरावीक हद्दीपर्यंतच उपयोगी? दोन केसेसवरून मी काहीच म्हणणार नाही. पण आता त्या १०० प्रश्नावल्या कराच, आणि ‘विश्वास आहे का’ वगैरे काढून टाका. विचारा: सभासद किती गल्ल्यांतल्या आहेत?

टेंभुर्णी | बुधवार, रात्री १०.२०

घालते हा प्रश्न. पुढच्या बुधवारी पुन्हा बाजारात जाते आहे. मावशींनी वहीचे फोटो काढायला हो म्हटलंय. अट एकच, नावांच्या रकान्यावर त्या हात ठेवणार आणि मग मी फोटो काढायचा. १९ वर्षांची पानं आहेत. दुपारी बाजार ढिला पडतो तेव्हा बसू म्हणाल्या.